स्टॉलचा हिशेब वेगळा, गाडीचा वेगळा

*प्रश्न :* माझं वय ६१. शिकागोजवळ नेपरव्हिलला आम्ही ३० वर्षं राहतो. गोधडी शिवायला मी माहेरी, सासवडला, आईजवळ बसून शिकले. नोकरीच्या धबडग्यात ते मागे पडलं. करोनाच्या वर्षी पुन्हा सुई हातात घेतली. आता मी गोधड्या शिवते, ठशांचं सुती कापड विकते आणि गोधडी शिकायची पाकिटं करते : कापलेले तुकडे, जाड दोरा, सुई आणि कृतीचा कागद. गेल्या वर्षी जवळपासच्या तीन प्रदर्शनांत स्टॉल लावला, विक्री बरी झाली. आता हे निवृत्त झालेत. माझ्या मनात आहे की आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, घ्यावी आणि मे ते सप्टेंबर विस्कॉन्सिन, आयोवा, मिशिगन, मिनेसोटा असं गावोगावच्या हस्तकलेच्या मेळ्यांना फिरावं. पाच वर्षं वापरलेली एक गाडी ६८ हजार डॉलरला मिळतेय. मुलगा म्हणतो, आई, यातून पेट्रोलचे पैसेसुद्धा सुटणार नाहीत. हे म्हणतात, छंद तुझा, मी काय नुसता ड्रायव्हर? त्यांना हो म्हणायचंय की नाही, तेच कळत नाही. खेड्यापाड्यात आपल्यासारख्यांना लोक कसं वागवतील याचीही धास्ती आहे. रात्री गाडी कुठे लावायची, स्वयंपाक कसा करायचा, संडासाच्या टाकीचं काय, सगळंच नवं. आणखी एक. आईनं शिवलेली गोधडी मी स्टॉलच्या मागच्या बाजूला टांगते. गेल्या वर्षी एका बाईंनी तिचे ४०० डॉलर देऊ केले. मी काहीच बोलले नाही. द्यावी का?
— सुईदोरा, नेपरव्हिल

*उत्तर :* सुईदोराताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा उत्तर द्यायचं म्हणून, दुसऱ्यांदा माझे स्वतःचे ते सहा उन्हाळे आठवले म्हणून. मी आणि माझे यजमान २४ फुटी आरव्हीतून हातानं रंगवलेलं लोकरीचं सूत विकत याच भागात फिरलो. त्यांना रात्री गाडी चालवताना दिसेनासं झालं तेव्हा थांबलो. त्यामुळे पुढचं सगळं अंगावर घेतलेल्या अनुभवातून सांगते आहे.

आधी गाडीचं. या वर्षी ती विकत घेऊ नका. गाडी वाईट असेल म्हणून नव्हे. तुमच्या पत्रात दोन वेगळ्या इच्छा एकमेकींत अडकल्या आहेत, आणि ६८ हजार मोजले की त्या कायमच्या अडकतील. एक इच्छा आहे आपल्या हातचं काम विकायची. दुसरी आहे नवऱ्याबरोबर चार-पाच महिने मोकळं हिंडायची. दोन्ही खऱ्या आहेत. पण एकीचा खर्च दुसरीनं भरून काढावा अशी अपेक्षा धरलीत तर दोन्ही रडकुंडीला येतील.

हे मी शिकले ते नुकसान सोसून. पहिल्या मोसमात आमची वही एकच होती. स्टॉलचं भाडं, पेट्रोल, कॅम्पग्राउंड, टायर, किराणा, सगळं एकाखाली एक लिहायचे. सप्टेंबरात बेरीज केली तर घसघशीत तोटा. मी समजले, आपलं सूत लोकांना आवडत नाही. खचले. पुढच्या हिवाळ्यात निम्मेच रंग काढले. मग यजमानांनी तीच वही घेऊन दोन स्तंभ पाडले, आणि दिसलं की स्टॉल चांगला फायद्यात होता. तोटा सगळा गाडीचा होता, आणि गाडी तर आम्ही आमच्या हौसेसाठी घेतली होती. चुकीच्या हिशेबापायी मी चांगले चालणारे रंग बंद केले होते.

तेव्हापासून आमचा नियम असा : स्टॉलच्या वहीत प्रवासखर्च लिहायचा तो माल मिनीव्हॅनमध्ये घालून नेला असता तर झाला असता तेवढाच. उरलेला सगळा आपल्या दोघांच्या प्रवासाच्या वहीत. उदाहरण घ्या. विस्कॉन्सिनचा शीप अँड वूल मेळा सप्टेंबरात जेफरसनला भरतो, तुमच्यापासून साधारण १२० मैल. तुम्ही म्हणता तशी आरव्ही गॅलनला ८ ते १० मैल देते, म्हणजे जाऊन-येऊन २६-२७ गॅलन. मिनीव्हॅनला दहा गॅलनही लागणार नाहीत. ती दहाच गॅलनं स्टॉलच्या नावावर. मुलाला ही वही दाखवा. तो पेट्रोलचं म्हणतो ते खोटं नाही, पण त्याच्याही डोक्यात दोन वह्यांची एकच झाली आहे. (प्राप्तिकरात गाडीचा किती भाग धंद्याचा दाखवायचा हे मात्र तुमच्या सीपीएला, म्हणजे कराचा हिशेब बघणाऱ्याला, विचारूनच करा.)

या मोसमात दोन किंवा तीनच मेळे धरा आणि त्यातल्या दोनांसाठी गाडी भाड्यानं घ्या. भाड्याच्या करारात धंद्याचा माल नेलेला चालतो का, हे लेखी विचारून घ्या. बऱ्याच खासगी वापराच्या विम्यांत ते बसत नाही, आणि हे लोकांना अपघातानंतर कळतं. मेळ्याचे आयोजकही बहुधा स्टॉलचा वेगळा विमा मागतात. अर्ज हिवाळ्यातच जातात. मे महिन्यात मिनेसोटातल्या लेक एल्मोचा शेफर्ड्स हार्वेस्ट मेळा, ऑगस्टात मिशिगनमधल्या ॲलेगनचा फायबर फेस्टिव्हल, मग जेफरसन. तिन्ही कौंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) जत्रेच्या मैदानांवर भरतात. या मैदानांची मोठी सोय म्हणजे जत्रेला जनावरं घेऊन येणाऱ्या कुटुंबांसाठी तिथे बहुधा वीज-पाण्याच्या जागा केलेल्या असतात. स्टॉलचा अर्ज करतानाच आरव्हीची जागा मागा. संध्याकाळी गल्ला बंद करून चालत घरी जाता येतं, याहून मोठं सुख या धंद्यात नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. लोकरीच्या मेळ्यात सूतकताई आणि विणकाम करणाऱ्या बाया येतात. तिथे तुमची पाकिटं खपतील, कापडाचे तागे फारसे नाहीत. तागे खपतात क्विल्ट गिल्डच्या, म्हणजे तिकडच्या गोधड्या शिवणाऱ्यांच्या मंडळांच्या, प्रदर्शनांत. ती शाळेच्या जिममध्ये, चर्चच्या हॉलमध्ये नाहीतर मैदानावरच्या ४-एच या मुलांच्या संस्थेच्या इमारतीत भरतात. खाली काँक्रीट असतं, पायाखाली जाड रबरी चटई हवीच. ती विसरलेत तर दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाइकाशी हसून बोलणं जमत नाही.

विक्रीकराचं थोडक्यात सांगते. इलिनॉयची नोंदणी इलिनॉयपुरतीच. विस्कॉन्सिनमध्ये आयोजकांना प्रत्येक विक्रेत्याची माहिती महसूल खात्याला द्यावी लागते, तेव्हा ते तुमचा नंबर मागणारच. आयोवात राज्याचे ६ टक्के आणि बहुतेक ठिकाणी वर स्थानिक १ टक्का. इंडियानात सरळ ७. ओहायोत फिरत्या विक्रेत्यांचा वेगळा परवाना लागतो. कापड तुम्ही भारतातून पार्सलनं मागवत असाल तर ८०० डॉलरच्या आतल्या पार्सलला असलेली जकातमाफी २०२५ च्या ऑगस्टमध्ये संपली आहे. पाकिटांच्या किमती त्याआधीच्या असतील तर आजच नव्यानं मांडा.

आता वजन. याबद्दल विक्रेते आगाऊ सांगत नाहीत, कारण त्यांना गाडी विकायची असते. आरव्हीच्या दाराजवळ आतल्या बाजूला एक पिवळी पट्टी असते. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, ते तिच्यावर लिहिलेलं असतं. मोठी दिसणारी गाडीसुद्धा अनेकदा हजार-दीड हजार पौंडांतच अडते. त्यातून तुम्ही दोघं वजा करा. पाणी गॅलनला ८.३ पौंड, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की ३३२ पौंड गेले. १५ वारांचा सुती तागा साधारण ५ पौंडांचा. ६० तागे म्हणजे ३००. वर तंबू, टेबलं, रॅक, लाकडी ठसे. भांडीकुंडी अजून धरलीच नाहीत. जादा वजनानं उन्हाळ्यात टायर फुटतात, आणि ते महामार्गावरच फुटतात. माल भरून झाला की गाडी एकदा काट्यावर घाला. आयोवात शिरताच आय-८० महामार्गावर वॉलकॉटचा प्रचंड ट्रक स्टॉप लागतो, १९६४ पासूनचा. तिथल्या ट्रकांच्या काट्यावर आरव्हीही तोलून देतात. पाण्याची टाकी निम्मीच भरून निघायचं. पाणी मैदानावर मिळतं, कापड मिळत नाही.

उंचीही लिहून ठेवा, स्टिअरिंगसमोर, मोठ्या आकड्यात. त्याच वाटेवरच्या डेव्हनपोर्ट गावात रेल्वेचे पूल इतके बुटके आहेत की त्यांच्याखाली ट्रक अडकणं ही तिथली नेहमीची बातमी आहे. फोनचा नकाशा कारची वाट दाखवतो, तुमची नाही.

स्वयंपाकाचं विचारलंत, त्यावर एक कळकळीनं सांगते. फोडणी गाडीत करू नका. आमच्या पहिल्याच मेळ्यात मी आदल्या रात्री आत हिंग-मोहरीची फोडणी करून वरण केलं होतं. सुताची लडी घेतली की बायका ती नाकाला लावतात. लोकरीचा वास बघायची त्यांची सवयच असते. सकाळी एकीनं निळी लडी नाकाशी नेली, थांबली, आणि काही न बोलता हळूच जागेवर ठेवली. दिवसभर मी तेच पाहत राहिले. ४० लड्या घरी आणून पुन्हा धुतल्या. तेव्हापासून एक छोटी गॅसची शेगडी बाहेर, गाडीच्या कापडी छपरीखाली, आणि माल झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या पेट्यांत. पाऊस असला की दहीभात, थालीपिठं घरूनच भाजून नेलेली. सुती कापडही वास धरतं, तेव्हा तुम्ही हे पहिल्या दिवसापासून पाळा.

विजेचंही गणित आहे. लहान गाड्यांना ३० अँपिअरची जोडणी असते, म्हणजे ३,६०० वॉट. छतावरचा एसी दीड हजार खातो, पाणी तापवायचा विजेचा हीटर १,४०० च्या आसपास, आणि त्यात भात लावायला इन्स्टंट पॉट (विजेचा कुकर) सुरू केलात, हजार वॉटचा, की खटका पडलाच. हीटर बंद करून मगच भात. एवढं लक्षात ठेवलंत तर अंधारात पॅनेल चाचपडावं लागणार नाही. संडासाच्या टाकीची तुम्हाला वाटते तितकी धास्ती बाळगू नका. हातमोजे घाला, नळी नीट बसवा, आधी मैल्याची टाकी सोडा आणि मग सांडपाण्याची, म्हणजे नळी आपोआप धुतली जाते. पंधरा मिनिटांचं काम आहे. प्यायच्या पाण्याची नळी मात्र वेगळी, वेगळ्या कप्प्यात.

जिथे मुक्काम मैदानावर नसेल तिथे लहान गावांची उद्यानं बघा. आयोवातल्या ९९ कौंट्यांत कौंटीची स्वतःची उद्यानं आहेत. अनेक ठिकाणी फाटकाशी पाकीट असतं. त्यात पैसे घालायचे, नंबर लिहायचा, पेटीत टाकायचं. कुणी विचारायला येत नाही. अशा जागी आम्हाला फार शांत झोप लागली.

पण वादळाचं मी हलक्यानं घेणार नाही. मे-जूनमध्ये तिकडे टॉर्नेडो होतात. १० ऑगस्ट २०२० ला आयोवात डेरेचो नावाचं सरळ रेषेत धावणारं वादळ आलं, तेव्हा सीडर रॅपिड्सच्या बाजूला वाऱ्याचा वेग ताशी १४० मैलांपर्यंत गेल्याचा अंदाज आहे. आरव्ही अशा वाऱ्यात आसरा देत नाही, ती उलटते. शंभर डॉलरच्या आत वादळाचे इशारे देणारा वेदर रेडिओ मिळतो, तो घ्याच. आणि त्यातली अडचण आधी कळू दे : इशारे मुख्यतः कौंटीच्या नावानं देतात. रात्री दोन वाजता रेडिओ भराभर नावं घेत असतो, आणि परक्या माणसाला आपण कुठल्या कौंटीत झोपलोय हेच ठाऊक नसतं. आम्ही प्रत्येक मुक्कामी पोचलो की फ्रिजवर चिठ्ठी लावायचो : आजची कौंटी, पश्चिमेकडची शेजारची कौंटी (वादळं बहुधा तिकडूनच येतात), आणि मैदानावरची पक्की इमारत कुठे. ती इमारत पुष्कळदा सिमेंटच्या विटांचं स्नानगृह असते. ते रात्री उघडं असतं का, हे दिवसाच जाऊन बघायचं. एकदा आम्ही तिथे पहाटेपर्यंत उभे होतो, सोबत तीन कुटुंबं आणि एक मेंढी. सगळे सुखरूप राहिलो.

माणसांबद्दल म्हणाल, तर सहा वर्षांत दोन-तीनदा कुणी टक लावून पाहिलं, एकदा एका पंपावर कुणी नको ते बोललं. आम्ही गाडीत बसून निघून आलो. नाही झालं असं म्हणणार नाही, आणि काही भाग आम्ही अंधार पडल्यावर टाळायचो. पण मेळ्याच्या आतलं जग वेगळं आहे. तिथे तुमची ओळख आधी तुमच्या टाक्यावरून होते. आयोवात एकदा ऐंशीच्या पुढच्या एक शेतकरीण आजी आमच्या स्टॉलवर आल्या. सुतापेक्षा त्यांचं लक्ष माझ्या खुर्चीवरच्या गोधडीकडे गेलं. त्यांनी विचारून ती उचलली, आणि समोरची बाजू न बघता लगेच उलटी केली. मागच्या टाक्यांवरून अंगठा फिरवत, ओठ हलवत मोजू लागल्या. एका इंचात किती टाके, ते. मग म्हणाल्या, हे जुनं कापड आहे ना? मी म्हटलं, हो, सासूबाईंच्या साड्या. तेव्हा त्यांनी सांगितलं की त्यांच्या लहानपणी पिठाच्या आणि जनावरांच्या खाद्याच्या पोत्यांवर फुलांची नक्षी छापलेली असायची. आई ती पोती उसवायची, धुवायची आणि त्यांची क्विल्ट शिवायची. १९३० च्या मंदीतली ही गोष्ट. पोत्यांचा दोरासुद्धा गुंडाळून ठेवायचे म्हणे. त्या अर्धा तास बसल्या. विकत काही घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी दोन सुना आणि एक नात घेऊन आल्या.

तुमच्या पाकिटाच्या कृतीत हे जरूर लिहा : गोधडीत जुनी साडी का घालतात, धावदोरा कडेपासून आत का येतो. तिकडच्या क्विल्टमध्ये बारीक टाक्याला मान आहे. आपला टाका मोठा आणि मोकळा. तो अडाणी नाही, जुन्या मऊ कापडाला तोच मानवतो, हे तुम्ही सांगितलंत तर त्या समजून घेतात. शिप्शेवानाला, इंडियानात, आमिश, म्हणजे जुन्या पद्धतीनं राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या, बायकांची क्विल्टं बघायला एकदा जाऊन या. त्या भागात रस्त्यानं घोड्याच्या बग्ग्या चालतात, मागे नारिंगी त्रिकोण असतो. चढावर तो दिसला की लगेच वेग कमी करा.

आता तुमचे यजमान. ताई, "मी काय नुसता ड्रायव्हर?" हा मला नकार वाटत नाही. आयुष्यभर काम केलेला माणूस विचारतोय की यात माझी जागा कोणती. तुम्ही आखलेल्या चार-पाच महिन्यांत त्यांच्या नावाची एकही गोष्ट नाही. मे ते सप्टेंबरचे सगळे शनिवार-रविवार तुमचे आहेत. त्यांना स्टॉलवर बसवू नका, तो त्यांचा स्वभाव नसेल तर दोघंही शिणाल. गाडीच भाड्यानं घ्यायची आहे, तर ती कोणती हे त्यांना ठरवू द्या. वजनाचा तक्ता, पुलांच्या उंच्या, विजेचं गणित त्यांच्याकडे द्या. पण उपकार केल्यासारखं नाही, खरोखर सोपवा आणि मग त्यात हात घालू नका. परवान्याचं त्यांना सांगा : इलिनॉयचा नेहमीचा परवाना १६,००० पौंडांपर्यंतच्या गाडीला चालतो, मध्यम आकाराच्या आरव्ही बहुधा त्यात बसतात. आणि हे सगळं बोलण्याआधी एक साधं विचारा, जेवताना नव्हे, फिरायला गेलात की : तुम्हाला कुठे जायचंय? माझ्या यजमानांनी उत्तर दिलं होतं, मिसिसिपी नदीवरचे बंधारे आणि जहाजं वर-खाली नेणारे पाण्याचे कप्पे, म्हणजे लॉक, बघायचे आहेत. मला त्यातलं काही कळत नव्हतं. रॉक आयलंडच्या १५ नंबरच्या बंधाऱ्यावर आम्ही तीन तास उभे होतो, १५ बार्जेस, म्हणजे मालाच्या सपाट नावा, एका दमात मावत नाहीत म्हणून अर्ध्या-अर्ध्या करून पलीकडे कशा नेतात ते पाहत. ते इतके आनंदी मला क्वचितच दिसले. त्यानंतर एक मेळा माझा, एक थांबा त्यांचा, असंच ठरवत गेलो. त्यांचं उत्तर "कुठेच नाही" असं आलं, तरी तेही खरं उत्तर आहे. मग मिनीव्हॅन, एक मैत्रीण आणि जेफरसन. तुमचा धंदा त्यानं थांबत नाही.

पुढच्या वर्षी दोघांनाही हवीशी वाटली तर गाडी घ्या. तेव्हा दोन खर्च आधी धरा. नेपरव्हिलमध्ये तुमच्या वसाहतीच्या नियमांत दारात आरव्ही लावता येते का ते बघा, नाहीतर दरमहा जागेचं भाडं आहे. आणि थंडी पडायच्या आत नळांतलं पाणी काढून न गोठणारं गुलाबी अँटिफ्रीझ घालावं लागतं, ते राहिलं की वसंतात फुटलेले पाइप बदलत बसावे लागतात.

आईची गोधडी देऊ नका. तुम्ही गप्प बसलात तेव्हाच तुमचं उत्तर देऊन झालं होतं. तिच्यावर एक लहान चिठ्ठी लावा : विक्रीसाठी नाही, आईनं शिवलेली, सासवड. म्हणजे कुणी विचारून अवघडणार नाही आणि तुम्हालाही दरवेळी उत्तर शोधावं लागणार नाही. फक्त इथून पुढे ती उलटी टांगा, टाके बाहेर येतील अशी. आणि खालचं टोक हाताला लागेल इतक्या उंचीवर.